करवतीखालची मावशी

२ फेब्रुवारी १९०९, मंगळवार

पेटी आली. आणि पेटीत कंपनीची चिठ्ठी, पुन्हा! "आपल्याकडून परत येणारं शिसं पाठवलेल्यापेक्षा नेहमीच कमी भरतं. कृपया लक्ष घालावं." म्हणजे आम्ही चोर?

शिकागोहून दर आठवड्याला आगगाडीनं ही पेटी येते. कादंबरीचं पुढचं प्रकरण, रविवारचं प्रवचन, डुकरांच्या रोगांवरचे उपाय, पॅरिसच्या टोप्या, मेहिटेबल मावशीचं सदर – सगळं शिशाच्या पट्ट्यांवर आधीच ओतलेलं. तीच मावशी त्याच आठवड्यात आणखी शेकडो गावांत पाव कसा भाजावा ते सांगत असते. आम्ही फक्त जागेच्या मापानं पट्ट्या करवतीनं कापायच्या, छापायच्या आणि शिसं परत पाठवायचं. कापलेले तुकडेसुद्धा. ते मी स्वतः वेचून भरते. मग कमी कसं भरतं?

येन्सला विचारलं. बाबांच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवतो, यंत्र चालवतो, सगळंच करतो.

"करवत खाते, छोट्या बाई. मी नाही खात. हे बघा दात."

दाखवलेसुद्धा! पण येन्स रविवारी गोठलेल्या नदीवर मासे धरायला जातो, आणि गळाला वजन शिशाचंच लागतं. असा संशय मनात येणं वाईट. पण आला.

बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात टाकली. "करवत खाते," तेही म्हणाले. अगदी तेच शब्द. दोघांचं ठरलंय?

४ फेब्रुवारी, गुरुवार

अंक निघाला. प्रूफ वाचताना पुन्हा वाटलं – मेहिटेबल मावशी नेहमी मध्येच गप्प होते. पाककृती संपते न संपते तोच खाली यकृताच्या गोळ्यांची जाहिरात. येन्स म्हणतो, "मावशी कसली? शिकागोत बसलेला मिशीवाला असेल. सिगार ओढत बायकांना उपदेश करतो!" बाबा हसले नाहीत. एरवी येन्सच्या फालतू विनोदांनाही हसतात.

७ फेब्रुवारी, रविवार

बीमबाई जेवायला होत्या. दर रविवारी असतात. छापखान्यासमोरच त्यांचं टोप्यांचं दुकान, नवरा वारलेला. तीन वर्षांपूर्वी त्या या गावात आल्या, आणि गेल्या सुगीपासून आमच्या टेबलावर आल्या. बडबड खूप. सशाचं कालवण दोनदा घेतलं आणि म्हणाल्या, "लूमिससाहेब, ही पोरगी गेली ना, तर तुमच्या हातचं उकडलेलं अंडं खायलासुद्धा कुणी येणार नाही!"

गेली म्हणजे – लिंकनला. शिक्षिकांच्या शाळेत. सप्टेंबरपासून मला जागा मिळेल असं कळलंय. मी जाते म्हणाले. मग म्हणाले, नाही जात. बाबांचं कसं होईल? आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून दोघंच. शाळेतही त्यांनी मला उशिरा घातलं; आधी सगळं घरी, छापखान्यातच शिकवलं. सरळ अक्षरांच्या आधी मी खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला शिकले. वेणी घालणं, पाव मळणं, सगळं बाबांनीच शिकवलं. मोठी झाले तेव्हाची ती अवघड गोष्टसुद्धा – माझ्याकडे पाठ करून, खिळे खणात टाकत टाकत, पाठ केलेल्या कवितेसारखी सांगितली. कुठून कळलं असेल त्यांना, कोण जाणे.

१० फेब्रुवारी, बुधवार

मावशीची पट्टी बाबा स्वतःच कापतात. येन्सला हात लावू देत नाहीत. आजच लक्षात आलं.

६ मार्च, शनिवार

नीट लिहिते.

बीमबाईंनी ईस्टरसाठी माझी टोपी पाठवली. आकार राहावा म्हणून आत कागद कोंबले होते. विल्टनहून बहीण त्यांना सामान पाठवते, त्याच्याबरोबर आलेला 'विल्टन गॅझेट'. रद्दी फेकण्याआधी वाचायची माझी खोड. त्यात मेहिटेबल मावशी – आमच्याकडे गेल्या आठवड्यात छापलेलीच. पण तिथं ती पाककृतीनंतर थांबली नव्हती! खाली वाचकांना उत्तरं होती. त्यातलं एक इथं उतरवते:

"'गोंधळलेली आई', नेब्रास्का – बहिणी, मुलगी घराबाहेर पडण्याआधी चुलीची झडप तीनदा बघते आणि दिवसभरात आपण खोटं बोललो की काय म्हणून एकेक वाक्य आठवत बसते, यात वेड काही नाही. अशी मुलगी लिंकनला शिकायला जाते म्हणते आणि घरच्यांच्या काळजीनं पुन्हा नाही म्हणते, तर तिला ढकलू नका. पण तुमचं एकटेपण तिला दिसेल असं टेबलाशी बसूही नका."

ही मी आहे. झडप मी आहे. वाक्यं मी आहे!

शेकडो गावांत छापलं गेलंय. शेकडो गावांतल्या बायका चहा पिता पिता माझ्याबद्दल वाचतायत. आणि 'आई'? माझी आई टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. मग स्वतःला माझी आई म्हणवून घेणारी ही कोण?

त्याच पावली मागे जाऊन झडप बघून आले. आणि स्वतःचाच राग आला.

७ मार्च, रविवार

जेवताना बीमबाईंकडे बघत होते. लिंकनचं बोलणं त्यांच्यासमोरच झालं होतं. झडपेवरून त्याच मला चिडवतात – "थिर्झा, बाळ, चूल काही पळून जात नाही!" आज मला म्हणाल्या, "टोपी शोभते गं. अगदी माझी लेक शोभतेस." लेक!

९ मार्च, मंगळवार

आणखी एक. आजूबाजूच्या गावांचे अंक बदल्यात आमच्याकडे येतात. प्रत्येक संपादक दुसऱ्याचं वाचतो आणि त्यातलं उचलतो. ते गठ्ठे आज चाळले. मेहिटेबल मावशीच्या जागी दर अंकात भोक! कात्रीनं कापलेलं, नीट, चौकोनी. आमच्या छापखान्यात येऊन कात्री लावणार कोण? बीमबाई 'एक मिनिट बसते' म्हणून तास तास बसतात. त्यांच्या कमरेला कात्री लोंबतच असते.

सगळं जुळतंय. फार जुळतंय म्हणून भीती वाटते.

१४ मार्च, रविवार

बाबांना कात्रण दाखवलं. बीमबाई यायच्या आधी. त्यांच्यावरचा संशयही सांगितला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कान लाल झाले.

"तिनं लिहिलं नसेल," म्हणाले.

"मग कोणी? ती मला लेक म्हणते, बाबा. तुमच्याशी लग्न करायच्या आधीच आई होऊन बसली! आपलं घर शिकागोला विकतेय ती."

"थिर्झे, तसं काही –" आणि थांबले. बाबा कधी वाक्य अर्धं टाकत नाहीत. मग उठून सरपण आणायला गेले. सरपणाची पेटी भरलेली होती.

त्यांना ती इतकी आवडते? खरं दिसत असूनही?

२० मार्च, शनिवार

मीच गेले दुकानात. बीमबाई पिसं शिवत होत्या. कात्रण समोर ठेवलं.

"हे काय? मावशीबाईंचं? मी लिहिलं म्हणतेस? अगं, मला गिऱ्हाइकांची नावं लिहायला होत नाही, पत्रं कुठली लिहू!" हसल्या. मग वाचायला लागल्या. शेवटच्या ओळीपाशी हसणं गेलं. पुन्हा वरून वाचलं. मान वर करून खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोर काय आहे? आमचा छापखाना. बाबा यंत्राला तेल घालत होते.

खूप वेळ बघितलं त्यांनी. मग कात्रणाची घडी घालून माझ्या हातात दिली. हात मऊ होता.

"बरं. मीच असेन."

"म्हणजे? हो की नाही?"

"मीच म्हटलं ना, बाळ. राग माझ्यावर काढ. दुसऱ्या कुणावर काढू नकोस."

मी म्हणाले, रविवारी नाही आलात तरी चालेल. सभ्यपणे म्हणाले. त्या सभ्यपणाचीच आता लाज वाटते – पण का? कबूल केलं ना तिनं!

२१ मार्च, रविवार

बीमबाई आल्या नाहीत. बाबांनी तीन ताटं मांडली, मग एक उचललं.

२३ मार्च, मंगळवार

कबूल करताना माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघतं, नाही तर जमिनीकडे. खिडकीबाहेर कोण बघतं?

२५ मार्च, गुरुवार

बाबा उभ्या उभ्या जेवतात. संध्याकाळी दुकानातला दिवा मालवेपर्यंत छापखान्याच्या पायरीवर बसतात. हवा घेतो म्हणतात. मार्चमधल्या नेब्रास्काची हवा! मी जिंकले असं वाटायला हवं होतं.

२७ मार्च, शनिवार

बाबा कोर्टात लिलावाची बातमी घ्यायला गेले होते. बीमबाईंच्या दुकानातून कागद आला: "दुकान बंद होत आहे. सर्व टोप्या निम्म्या किमतीत." मोठ्या अक्षरांचं भित्तिपत्रक हवंय. त्या विल्टनला बहिणीकडे चालल्या.

येन्स यंत्रावर होता, म्हणून मीच निघाले जुळवायला. भित्तिपत्रकाला लाकडी मोठे खिळे लागतात, ते खालच्या खणात. येन्स ओरडला, "तो खण नको, छोट्या बाई! तो साहेबांचा!" पण मी ओढला होता. हलेना. लाकूड इतकं जड कधीपासून?

वर लाकडी अक्षरं. खाली शिसं. कापलेले तुकडे – खणभर, एकेक जुन्या प्रूफात गुंडाळलेला. शाई न लागलेले, कोरे, चकाकणारे. मी तिथंच खाली बसले आणि उलटं वाचायला लागले. बाबांनीच शिकवलेलं.

"'नवखी आई', नेब्रास्का – बहिणी, वेणी घालताना केस टोकाकडून विंचरत वर जा, म्हणजे ती रडणार नाही."

"'नवखी आई' – बोटानं दाबून बघा. खळगा हळूहळू भरला तर पाव भट्टीत घालायला तयार."

"'घाबरलेली आई' – तिला साध्या शब्दांत सांगा. लाज वाटली तर हातात काम घ्या आणि सांगून टाका."

खिळे खणात टाकत टाकत. पाठ करून.

तीन वर्षांपूर्वी बीमबाई या गावात नव्हत्या. हे तुकडे मी सात वर्षांची असल्यापासूनचे आहेत.

गावात ओळखू येऊ नये म्हणून सही बाईची. आणि तरी ओळखलं तर? म्हणून करवत. शेकडो गावांत छापलेलं, फक्त आमच्या गावात आणि माझ्या हाती पडू नये. कापलेलं पण वितळायला धाडवेना. करवतीनं काही खाल्लं नव्हतं.

सगळ्यात वरचा तुकडा या महिन्यातला:

"'एकटी आई', नेब्रास्का – तुम्ही लिहिता ते टोप्या विकणारे गृहस्थ भले वाटतात. पण आधी मुलीचं मन विचारा. तिचं नसेल तर थांबा, बहिणी."

येन्स यंत्र बंद करून माझ्यामागे उभा होता. एकही विनोद केला नाही. "तुकडे मी बघायचो," एवढंच म्हणाला, "वाचायचो नाही." खण आम्ही दोघांनी मिळून पुन्हा होता तसा लावला.

भित्तिपत्रक जुळवलं नाही.

२८ मार्च, रविवार

चर्चनंतर बीमबाईंकडे. दारातच म्हणाले, "तुम्ही नव्हता."

"नव्हते."

"मग का म्हणालात?"

"कुणीतरी असायला हवं होतं ना? आणि ते असले तर तू त्यांच्यावर रागावली असतीस." त्यांनी खोके बांधायचं थांबवलं नाही. "झडपेचं ते लिहिणारा माणूस तुझ्यावर किती नजर ठेवून असेल, ते दिसलं गं मला. माझ्यावर कुणी तेवढी ठेवली नाही."

मी माफी मागितली. पुन्हा मागितली. "पुरे," त्या म्हणाल्या, "नाही तर आता तिसऱ्यांदा मागशील."

मी बुधवारपर्यंत थांबा म्हणाले. का ते सांगितलं नाही. त्यांनी सुतळी हातात धरून नुसतं बघितलं.

३१ मार्च, बुधवार

उद्याच्या अंकाचं पान बांधायला टेबलावर. बाबांनी मावशीची पट्टी नेहमीप्रमाणे पाककृतीखाली कापून ठेवली होती. ते हात धुवायला गेले तेव्हा मी गोळ्यांची जाहिरात उचलली आणि त्या जागी सकाळीच जुळवून ठेवलेल्या ओळी बसवल्या. मावशी असं काही बोललेली नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं जाणूनबुजून खोटं, आणि तेही छापायला!

"'एकटी आई', नेब्रास्का – मुलीचं मन विचारलं. आहे. टोप्या विकणाऱ्या गृहस्थांना रविवारी जेवायला बोलवा. मुलगी सप्टेंबरमध्ये लिंकनला जाणार आहे, आणि तिला वेण्या घालता येतात."

बाबा आले. पानावर वाकले. मी झाडू घेऊन कोपऱ्यात, त्यांच्याकडे पाठ करून झाडत राहिले. झाडलेलंच पुन्हा झाडलं. पाय हलले नाहीत त्यांचे. खिळे उपसायचा चिमटा उचलल्याचा आवाज आला.

मग ठेवल्याचा.

१ एप्रिल, गुरुवार

अंक निघाला. मावशी आमच्या गावात पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोलली. बाबा एक अंक घेऊन रस्ता ओलांडून गेले. टोपी न घालता.