तिसरा पुकारा

रविवार, २ मे

लायनेल लग्न करतोय! सहासष्टाव्या वर्षी! आणि हे मला कळलं कुठे — चर्चमध्ये, मागच्या बाकावर, चर्चची कारभारीण म्हणून माझ्या ठरलेल्या जागेवर बसलेली असताना. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये करावा लागतो तो पुकारा पाद्रीबाईंनी चष्मा चढवून वाचला : "याच गावचे लायनेल स्टेबिंग, अविवाहित, आणि याच गावच्या रोवीना प्राउट, विधवा. हा पहिला पुकारा. कायद्याने यात काही आडकाठी आहे असं कुणाला ठाऊक असेल, तर सांगावं."

याच गावच्या म्हणे! येऊन तीन वर्षं झाली नाहीत.

माझा सख्खा भाऊ. जन्मभर एका छपराखाली राहिलो. घरी येऊन जाब विचारला, तर बटाटे सोलत म्हणतो, "तिथे तुला ओरडता आलं नसतं ना, हेटी."

नेभळट!

सोमवार, ३ मे

रोवीना लिंबाचा केक घेऊन आली. मधोमध कच्चा. कोंबड्यांना घातला. त्यांनीही अर्धा टाकला.

बुधवार, ५ मे

चर्चमधल्या फुलांची पाळी रोवीनाची होती. लिली आणल्या, परागांसकट! वेदीच्या चादरीवर पिवळे डाग. डाग काढायला कारभारीण आहेच. आठशे वर्षांत या चर्चने वीज पडलेली सोसली, छपराचं शिसं चोरणारे सोसले. आता ही बाई.

लग्नानंतर लायनेल तिच्या घरी राहणार. तिथे फरशी आतून गरम होते म्हणे. "पायांना बरं वाटतं गं." पायांना!

रविवार, ९ मे

दुसरा पुकारा. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या बाकावरची टॅपलीबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "सुटला बिचारा एकदाचा." मला ऐकू जाईल इतक्या हळू.

सुटला? कुणापासून?

माझ्या लग्नाचा पुकाराही इथवरच आला होता. १९६१ साली. दोन पुकारे झाले, तिसरा झालाच नाही. माझा होणारा नवरा, रेजी, पळाला, असं गाव धरून बसलंय. बसू दे.

मंगळवार, ११ मे

ठरलं. येत्या रविवारी मी उठून उभी राहणार. कारणं ढीगभर आहेत, कायद्यात बसेल असं एकही नाही. पण नुसतं उभं राहिलं तरी पुरे! पाद्रीबाईंना थांबावं लागेल, चौकशी होईल, गावभर बोभाटा होईल, आणि रोवीनाबाई आल्या वाटेने लंडनला परत. लायनेल घरी राहील. मला तेवढंच हवंय. लाज सोडून लिहिते — एकटीने जेवायला बसायची मला भीती वाटते.

शनिवार, १५ मे

पाद्रीबाईंचा फोन. घसा बसलाय, नुसती खरखर. त्यांच्याकडे पाच गावं, बदली पाद्री एकही मिळेना. "उद्याची प्रार्थना तुम्हीच घ्या, हेटी. पुकाराही तुम्हीच वाचा, नियमात बसतं. राहिला तर लग्न पुढे ढकलावं लागेल."

म्हणजे उभंसुद्धा राहायला नको! नुसतं विसरायचं!

लायनेल शेजारीच होता. म्हणाला, "तुझ्या वेळी मी त्या रेजीला शोधून बदडणार होतो, हेटी. किती रडवलं तुला त्याने."

"चहा गार होतोय," म्हटलं.

रविवार, १६ मे

वाचला. आडकाठीचं विचारून झाल्यावर लागतं त्यापेक्षा जरा जास्तच थांबले. कुणी उठलं नाही. लायनेल मान खाली घालून बसला होता, कान लालबुंद.

रेजी पळाला नव्हता. आईने अंथरूण धरलेलं, वडील नव्हते, आणि हा लायनेल तेवीस वर्षांचा घोडा, साधं अंडं उकडता येईना. तिसरा पुकारा वाचू नका म्हणून सांगायला त्या वेळच्या पाद्र्याकडे मीच गेले होते. हे लायनेलला सांगणार नाही. सांगितलं तर तो जाणार नाही.