पाचवा आणि सहावा चौकोन

बरानूक
सोमवार, ५ ऑक्टोबर

प्रिय क्लेम यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र टपालगाडीने पोचलं. कानाला यंत्र लावून घे म्हणून तीन वर्षं घसा कोरडा करते आहे, पण तू ऐकणार नाहीस, आणि ऐकू येत नाही हे कारण आहेच तयार. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या टुलीगाला ऐकू जातं, फक्त तुला जात नाही. तेव्हा ही निवडणूकही मला हाताने लिहून कळवावी लागणार.

तुझी लेक ग्लेनिस बरी आहे, पण वाळली आहे. देशाच्या संसदेचा अर्ज भरायचा तर सरकारी नोकरी सोडावी लागते, म्हणून तिने इस्पितळातली बावीस वर्षांची नोकरी, मेट्रनची म्हणजे मुख्य नर्सची जागा सोडली. त्या खुर्चीत दुसरी बाई बसलीसुद्धा. हरलीस तर परत घेणार नाही, असं तिला तोंडावर सांगितलं आहे. या वयात तिने जे काही होतं ते सगळं या एका जागेवर लावलं, आणि प्रचाराला आम्ही सातजण, त्यातल्या दोघींचे गुडघे गेलेले.

आपल्या पक्षाचे थोर नेते परवा वीस मिनिटांसाठी येऊन गेले. माझ्या हातचे दोन स्कोन खाल्ले आणि ग्लेनिसला दोनदा ग्लेंडा म्हणाले. मला तिथेच शिसारी आली, पण पलीकडचे पाहिले की आपलेच बरे म्हणायची पाळी येते. तो हॅल्डेन स्ट्रेटन नवी कोरी हॅट घालून मेंढ्यांच्या बाजारात हिंडतो आणि कातरणी कामगारांच्या पाठीवर हात ठेवतो, ज्यांना त्याने स्वतःच्या शेडमधून हाकललं त्यांच्याच. आणि तो वॉलिस पिम! नदीकाठच्या काळ्या वस्तीला पाणी कशाला, असं भर सभेत विचारतो आणि लोक हसतात. माझ्या हाताखाली शिकलेले लोक, क्लेम. मी यांना बेरीज-वजाबाकी शिकवली आणि माणुसकी राहिली.

मतपत्रिकेवर सहा नावं आहेत, पसंतीच्या क्रमाने आकडे घालायचे. खरं सांगू? स्ट्रेटन आणि पिम यांच्या नावापुढे आकडा लिहायचा म्हणजे माझी पेन्सिल बाटेल.

गाडीबरोबर शंभर कार्डं पाठवते आहे. कुणाच्या नावापुढे कितवा आकडा घालायचा ते त्यावर छापलं आहे. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात उभा राहून ती वाट. तुमच्याकडे आपलं दुसरं कोणी नाही.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर यंत्र लाव.

तुझी,
थेल्मा

---

टुलीगा
सोमवार, १२ ऑक्टोबर

ती. मास्तरीणबाईंस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पबमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बहिरा माणूस मोठ्यानेच वाचतो. लोकांनी काउंटर बडवून बडवून माझा ग्लास सांडवला. अर्धे तर तुझ्याच हाताखाली शिकलेले. त्यांच्या लेखी बाई बोलल्या की विषय संपला. पोस्टातली डल्सी म्हणाली की बाईंचं पत्र चौकट करून लावायला हवं.

कार्डं पोचली. पण आम्ही काय पाळण्यातली पोरं आहोत? मार्चमध्ये राज्याची निवडणूक झाली तेव्हा कुणी कार्डं वाटली होती? हवे तेवढे आकडे घातले, नको तिथे थांबलो, घरी आलो. इथला प्रत्येक माणूस ग्लेनिसला ओळखतो. शनिवारी मतदानाला शाळेच्या दारात सॉसेज भाजायचं काम माझ्याकडे आहे. लाकडं ओली आहेत, पेटवायला तुझी कार्डं उपयोगी पडतील. रागावू नकोस.

स्ट्रेटनचं मला नको सांगूस. त्याच्या शेडमध्ये एकोणीस हंगाम मेंढ्या कातरल्या. माझी दोन बोटं यंत्रात गेली तेव्हा त्याच्या माणसाने मला फाटकापर्यंत गाडीतून सोडलं आणि पुढे डॉक्टरकडे तू जा म्हणाला, गाडीची बैठक खराब होते म्हणून. ते तोंड आता पत्रकावर हसताना पाहिलं की जेवण जात नाही.

ग्लेनिसला मी उभी राहू नकोस म्हणालो होतो, ते तुला माहीत आहे. ती तेव्हापासून मला धड लिहीत नाही. वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून मी फ्रिजवर लावला आहे. हे तिला सांगू नकोस.

माया आहे तेवढी पुरे, उपदेश जरा कमी कर.

तुझा,
क्लेम

---

बरानूक
सोमवार, १९ ऑक्टोबर

चि. क्लेम यास अ. उ. आ.

वि. वि. शनिवारी संध्याकाळपासून रेडिओच्या कडेला बसून माझं अंग आंबलं आहे. देशात दोन्ही बाजूंच्या जागा सारख्या, आणि तीन जागा लटकलेल्या. त्या तिन्हींत आपली एक! ग्लेनिस फक्त दोनशे बारा मतांनी पुढे. आता टपालाची मतं पुढचे कित्येक दिवस येत राहणार, आणि टपालाची मतं नेहमी बागायतदारांची, म्हणजे स्ट्रेटनची. रोज दुपारी मी मोजणीच्या कचेरीत पक्षाची प्रतिनिधी म्हणून उभी राहते. कागदाला हात लावायची मनाई, म्हणून हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी.

समोर स्ट्रेटनचा वकील उभा असतो. अंगाला अत्तर. आपलं एखादं मत वादात सापडलं की तो जिभेने टाळूवर च्यक् करतो. त्या आवाजाने मला रात्री ओकारी येते.

पण मला एक सांग. टुलीगात त्रेपन्न मतं पडली. मी अडतीस आपली धरून चालले होते. यादीत ग्लेनिसच्या नावावर बावीसच आहेत. बाकीच्यांनी काय केलं? तुझ्या त्या काउंटर बडवणाऱ्यांनी पबमध्ये एक आणि शाळेत एक केलं की काय? माणसांचा मला इतका वीट आला आहे की दूधवाल्याकडेही संशयाने पाहते. हसतमुख दिसला की वाटतं, हा नक्की त्यांचा.

ग्लेनिस शांत आहे. घरातली सगळी कपाटं आवरते आहे. दोनदा आवरून झाली.

रागावून विचारलं म्हणून प्रेम आटलं असं समजू नये.

तुझी,
थेल्मा

---

टुलीगा
शुक्रवार, २३ ऑक्टोबर

ती. थेल्मास सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझं डोकं फिरलं. मी ते घेऊन घरोघर गेलो. एकेकाला समोर उभं करून विचारलं. डल्सीने, तिच्या नवऱ्याने, टाक्या दुरुस्त करणाऱ्या ऑर्व्हिलने, सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की पहिला आकडा ग्लेनिसलाच. ऑर्व्हिल तर रडकुंडीला आला. म्हणाला की ग्लेनिसने त्याच्या आईचे पाय धुतले होते शेवटच्या आठवड्यात, तिला नाही देणार तर कुणाला?

तेव्हा लबाडी मोजणीतच झाली आहे. तो अत्तरवाला काहीतरी करतो आहे. तू डोळ्यांत तेल घालून उभी राहा. टुलीगाचे कागद पुन्हा मोजायला लाव. हक्काने सांग. आयुष्यभर लोकांना उभं राहायला लावलंस, आता त्यांना लाव.

मला इथे अन्न गोड लागत नाही. पबमध्ये रेडिओ लावतात, मला ऐकू येत नाही, मी लोकांच्या तोंडाकडे पाहून निकाल ओळखतो. काल एक जागा आपली आणि एक त्यांची झाली म्हणे. म्हणजे देशाचं सरकार आता आपल्या पोरीवर येऊन थांबलं. तिला म्हणावं, बाप... काही नको म्हणूस.

तूच काय ते पाहा, आणि जिवाला जप.

तुझा,
क्लेम

---

बरानूक
गुरुवार, २९ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

वि. वि. आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

आपण हरलो. नऊ मतांनी. सरकार त्यांचं झालं. बाहेर स्ट्रेटनच्या लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले आणि पिम, ज्याला कुत्र्यानेही मत दिलं नाही, तो त्यांच्या गळ्यात गळा घालून नाचत होता. हे मी पाहिलं आणि मला काही वाटलं नाही, कारण त्याआधी मी दुसरंच काही पाहिलं होतं.

तू म्हणालास तसं मी टुलीगाचे कागद पुन्हा तपासायला लावले. अत्तरवाला चटकन हो म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. अधिकाऱ्याने बाद मतांचं पाकीट उघडून एकेक कागद मांडला. सोळा कागद. सोळाच्या सोळांवर ग्लेनिसपुढे एक. मग दोन, तीन, चार. आणि स्ट्रेटन व पिम यांचे चौकोन कोरे.

राज्याच्या निवडणुकीत ते चालतं. देशाच्या निवडणुकीत एक चौकोन राहिला तर निभावतं, दोन राहिले की कागद बाद. सगळे आकडे भरावे लागतात, आवडत्याचे आणि नावडत्याचेही. हे मी टुलीगाच्या त्याच शाळेत, त्याच खोलीत, अकरा वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं आहे.

अकराव्या कागदावर कोऱ्या चौकोनाशेजारी कुणीतरी नीट, गोल अक्षरात लिहिलं होतं की पेन्सिल बाटेल, बाई.

ते वळण मीच गिरवून घेतलेलं आहे, क्लेम. हात पाठीमागे होते म्हणून बरं झालं, नाहीतर मी तो कागद फाडला असता. अधिकाऱ्याने विचारलं की काही हरकत आहे का. मी नाही म्हणाले. अत्तरवाल्याने या खेपेला च्यक्सुद्धा केलं नाही. त्याला माझी कीव आली होती, आणि त्या किवेइतकी घाण मला आजवर कशाची वाटली नसेल. आता स्वतःची वाटते.

ग्लेनिस बाहेर गाडीत बसली होती. मी तिला फक्त नऊ एवढं सांगितलं.

लिही.

थेल्मा

---

टुलीगा
सोमवार, २ नोव्हेंबर

ती. थेल्मास क्लेमचा शि. सा. न.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तू पत्र मला लिहिलं होतंस, पबला नाही. मी वाचलं. तेही तीनदा, कारण लोक पुन्हा वाच म्हणाले. शनिवारी सॉसेज उलटताना मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की बाईंचं लक्षात आहे ना, त्या दोघांवर पेन्सिल फुकट घालवू नका. आणि खाली तुझी कार्डं जळत होती. त्यांवर सहाही आकडे छापलेले होते, हे मी पाहिलं होतं. पाहून मला वाटलं, छापणाऱ्याला काय जातंय.

ते अक्षर डल्सीचं. तिला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

सोळांतला एक कागद माझा आहे. तुला कोणता ते कळलं असेल, एकचा आकडा जाड आहे. पंचेचाळीस वर्षं मतं दिली, पण आपल्या पोरीचं नाव कधी कागदावर नव्हतं. म्हणून दोनदा गिरवला. मग खाली स्ट्रेटनचं नाव पाहिलं आणि गेलेली बोटं दुखली. पेन्सिल दोरीला टांगून सोडली आणि छाती काढून बाहेर आलो. मला वाटलं, आज आपण स्वच्छ राहिलो.

ग्लेनिसला हे कळू देऊ नकोस. नऊ मतं कुठून गेली, ते टपालावर ढकल. तिच्या बापाने तिला उभी राहू नको म्हटलं आणि मग पाडलं, असं तिने आयुष्यभर म्हणावं, हे मला सोसणार नाही. एवढं एक माझ्यासाठी कर.

मी आता पबमध्ये जात नाही.

क्लेम

---

बरानूक
शुक्रवार, ६ नोव्हेंबर

प्रिय क्लेम यास थेल्माचे आशीर्वाद, जे काही उरले असतील ते.

तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी ग्लेनिसकडे गेले आणि सगळं सांगितलं. माझं आधी, मग तुझं. जळलेल्या कार्डांचंही सांगितलं. जाड एकचंही सांगितलं, आणि फ्रिजवरच्या फोटोचंही. शिव्या द्यायच्या तर दे.

इस्पितळाने तिला रात्रपाळीची साधी नर्स म्हणून घेतलं आहे, स्वतःच्याच जुन्या वॉर्डात, त्या दुसऱ्या बाईच्या हाताखाली. गणवेशाला इस्त्री चालली होती. इस्त्री पुरी केली, मग म्हणाली की त्या दोघांची किळस तिलाही येते. पण बावीस वर्षं तिने रोग्यांची भांडी उपसली, माणसांची घाण रोज हाताने काढली, आणि प्रत्येक वेळी हात धुऊन पुढच्या पलंगाकडे गेली. आपण दोघांनी नाक धरलं आणि ती पडली. एवढंच म्हणाली, आवाज न चढवता.

मग टेबलाच्या खणातून उरलेली नमुन्याची मतपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली आणि पेन्सिल हातात दिली. बाहत्तराव्या वर्षी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून सहाही चौकोन भरले. ती मागे उभी राहून पाहत होती. पाचवा स्ट्रेटनला, सहावा पिमला. काही झालं नाही, क्लेम. आकडेच होते ते.

सोबत एक कोरी पत्रिका पाठवली आहे. तिने तुझ्यासाठी दिली. भरून परत पाठवायची आहे, आणि ती स्वतः तपासणार आहे.

लवकर पाठव. वाट पाहते आहे ती, मी नव्हे.

तुझी,
थेल्मा