हिरवं बटन आणि माझा सोमवार

रवि., ३ ऑगस्ट
राधीनं माह्या शुगरच्या गोळ्यांची पेटी आणली. नातीचं प्रेम म्हणते; मले शंका आहे. कंपनीत या पेटीची बटनं तपासाचं कामच तिच्याकडे. सकाळी दहाले पेटी वाजते, खण उघडते, गोळी घ्याची, हिरवं दाबाचं. मंग दिवसभर बंद.
"आजी, सगळ्या वाटा गणितानं तपासल्या. कोणतंही बटन कवाही दाब, दिवसाच्या दोन गोळ्या भेटणारच नाहीत. सिद्ध झालं."
"दाबून कोणं पाह्यलं?"
"कॉम्प्युटर सगळ्या वाटा चालून आला."
"पाय न हालवता?"
मी सांगते ते राधीच लिहिते; लिहिता लिहिता हसून राह्यली. म्हटलं, हसणं बी लिही.

सोम., ४
श्रावणी सोमवार. गोळी जेवणासंगं, जेवण संध्याकाळी. मी बेल वाहून राह्यली अन् पेटी केकाटे. हिरवं दाबलं. गप.
दिवे लागले, ताट वाढलं. खण उघडेना.
राधी म्हणे, "तूच तं घेतली म्हणून सांगितलं."
"गप बसाव म्हणून सांगितलं."
"नियम तं मोडला नाही पेटीनं."
नियम साबूत. गोळी आत, मी बाहेर.

मंगळ., ५
शुगर वाढली. राधीनं तोंड फुगवलं. विचारलं, "तुह्या वाटांमधी खोटं बोलणारी बाई होती का?"
मंग म्हणे, नव्हती. बटन दाबलं म्हणजे गोळी पोटात, असंच धरलं होतं.

गुरु., ७
इंझोरीच्या सखूकडे, माह्या धाकल्या बहिणीकडे, हीच पेटी दोन महिने झाले. एकटी राह्यते. नजर कमी होऊन राह्यली. राधीच्या मोबाईलवर सखूचं रोज हिरवं. एकही दिवस चुकला नाही.
सखू एवढी शहाणी कवापासून? सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपास करते ते. उद्या जातो.

शुक्र., ८
कामरगावहून दोन जीपा बदलून गेलो. मी बोलली तवा सखूनं ओळखलं.
राधीनं तिच्या पेटीचा मागून स्क्रू काढला. ओंजळभर गोळ्या.
सखू म्हणे, "ते केकाटते, मी दाबते. तू नाही दाबत, बाई?"
"मी? मी कायले दाबीन!"
राधी माह्याकडे पाहे. मी खिडकीकडे.
सखूले उद्याच डॉक्टरकडे ने म्हणून भाच्याले फोनवर सांगितलं.

रवि., १०
राधीले आणखी एक बटन पाह्यजे, 'मंग घेते' म्हणाचं. अन् गोळी उचलली का, हे पेटीनं सोता पाहाव. त्याच्यानंतर साऱ्या वाटा परत तपासाच्या. कंपनीवाला फोनवर: "मॅडम, सिद्ध झालं ना? उद्या तसा सहीचा कागद पाठवा, गावोगाव पेट्या निघून राह्यल्या." राधीची नोकरी नवी आहे.
"पाठवशील?"
"नाही आजी."
लिहिलं का? लिहिलं म्हणते. वाचून दाखव म्हटलं.

सोम., ११
आज सुनेच्या हातानं लिहून घेते.
दहाले पेटी केकाटली. दाबलं नाही. गोधडी टाकली तिच्यावर.
राधी सकाळपासून लॅपटॉपपुढं. दुपारी विचारलं, "कागद पाठवला का?"
"नाही पाठवला."
लगेच. पडद्यावरचे डोये न काढता. मी पेटीले 'घेतली' सांगते तसं.
सून म्हणे, परत विचारू का? म्हटलं, नको. विचारलं की माणूस हिरवंच दाबते.
मी राधीच्या बाजूले पाट टाकून बसली आहे.