विहिरीवर दिसलेली बाई

१२ नोव्हेंबर १९८६, बुधवार

काशीराम आला. सायकलला दोन पिशव्या, त्यात अख्खं वाचनालय. मुलुंडभर घरोघर फिरतो. म्हणाला, आजी, तुमच्या वयाच्या बायका पोथ्या नेतात, नाहीतर सासूसुनांच्या कादंबऱ्या. मी म्हटलं, सासूसून घरात आहेत रे, मला अंधारातलं काहीतरी दे. जुन्या गावाचं, ओसाड देवळाचं, जिथे विचारलं तरी कुणी काही सांगत नाही असं. हसला आणि पिशवीच्या तळातून एक काढलं. वरच्या चित्रात कंदील धरलेली बाई, तोंड दिसतच नाही. बघूनच त्याच्या हातून ओढून घेतलं. झकास!

मी तिसरी नापास. पण वाचते. जोडाक्षर आलं की क्षमा बघते. क्षमा म्हणजे माझी नात. तीही तिसरीतच आहे, पण पास होणारी. दुपारी शाळेतून आली, जेवली, की आम्ही दोघी खिडकीशी. सून नलिनी आणि मुलगा विद्याधर ऑफिसात. खालच्या नळावरची भांडणंसुद्धा तेव्हा थांबलेली असतात. दिवसातला तेवढाच वेळ माझा. बाकीचा नुसता जातो.

निश्चय: क्षमाला भीतीचं काही वाचून दाखवायचं नाही. पोर लहान आहे.

१४ नोव्हेंबर

पुस्तक संपलं. मत: चांगलं आहे, पण लेखक घाटावरचा असणार. हडळ पिंपळावर बसवली आहे! पिंपळावर मुंजा. हडळ चिंचेवर. आमच्या मालवणाकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि खून कुणी केला ते मला अर्ध्यातच कळलं होतं, पुजाऱ्याने. शेवटी निघाला डॉक्टर. पुजारीच पाहिजे होता. लेखकाचं चुकलं.

क्षमाला वाचून दाखवलं नाही. मी मोठ्याने वाचत होते, ती तिथे होती. आणि ‘निष्प्राण’ मला एकटीला कसं जमणार?

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्षमा मोरीत एकटी जात नाही. दार उघडं ठेवते आणि आतून, आजी आहेस ना, आजी आहेस ना, विचारत राहते. नलिनी म्हणाली, आई, हे तुमच्या पुस्तकांमुळे. मी म्हटलं, मोरीतला दिवा मिणमिणता आहे त्यामुळे. विद्याधरने नवा बल्ब लावला. तरी विचारतेच. म्हणजे बल्ब कमी पॉवरचा आणला.

मला स्वतःला कसलीच भीती वाटत नाही. गावी स्मशानाच्या वाटेने पाणी आणलंय. बरोबर चार जणी असायच्या, पण त्या गप्पा मारायला.

१९ नोव्हेंबर

दुसरं पुस्तक. काय पुस्तक आहे! एक गाव असतं. गावाच्या राखणदाराचा वाटा द्यायचा लोक विसरतात. मग हळूहळू माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात. आई चुलीशी बसलेली असते आणि मुलगा दारातून विचारतो, तुम्ही कोण? वाचता वाचता माझ्या हातावर काटा आला. क्षमाने माझा हात धरला, माझ्यासाठीच. समजूतदार आहे.

मत: हा लेखक आपल्या बाजूचा. राखणदार म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. जागा कुणाचीही असो, तिला राखणारा एक असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय तिथे काही करू नये. हे शहरातल्या लोकांना कोण सांगणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल शाळेतून चिठ्ठी आली. क्षमाने बाईंना भर वर्गात विचारलं म्हणे, तुम्ही कालच्याच बाई कशावरून?

मला तर प्रश्न हुशारीचा वाटला. नलिनीला वाटला नाही. म्हणाली, आई, मी आता स्पष्टच सांगते. पोर अजून एकदा जरी घाबरली ना, तर दुपारी तिला अनुपमाबाईंच्या पाळणाघरात ठेवणार. विद्याधर पेपर वाचत होता. एकच पान किती वेळ.

पाळणाघर! आजी घरात असताना! मी म्हटलं, ठेवून बघ गं. मग गॅलरीत जाऊन उगाच वाळलेले कपडे परत झटकले.

निश्चय: पुस्तकं बंद. फक्त हे अर्धं राहिलंय तेवढं.

२५ नोव्हेंबर

अर्ध्याचं थोडं राहिलं. पण आज निराळीच गोष्ट झाली. भर दुपारी क्षमा खिडकीतून म्हणाली, आजी, विहिरीवर कोणीतरी उभं आहे. बघितलं तर कोणी नाही. उंबर, विहिरीवरची जाळी, आणि सेक्रेटरी नंदकुमारने या वर्षी बसवलेला पंप. पंप बंद होता. तरी घरघर ऐकू आली असं मला वाटलं. क्षमाला विचारलं. ती म्हणाली, तू म्हणालीस म्हणून येतेय.

मी लगेच ओळखलं. सोसायटीच्या आधीची विहीर ती. नंदकुमारने पंप बसवताना कुणाला विचारलं? चीफ इंजिनीयरला. राखणदाराला नाही. पोर घाबरते ती पुस्तकाने नाही, जागा बिथरली आहे. पुस्तकामुळे उलट मला वेळेवर कळलं.

देवदिवाळी आठवड्यावर आली. गावी आम्ही त्या दिवशी राखणदाराला वाडी ठेवतो, पानावर वाढलेला त्याचा वाटा. इथेही ठेवायची. एकदा वाडी मिळाली की पोर शांत, नलिनी गप्प, दुपार माझी.

२ डिसेंबर, मंगळवार. देवदिवाळी

झालं! तिन्हीसांजेला डोक्यावरून अंघोळ केली, केस ओलेच मोकळे सोडले. पानावर दहीभात, नारळाची भकलं, वर विडी. विडी वॉचमनकडून घेतली, दाढेला लावते म्हणून. कंपाउंडचे दिवे लागले नव्हते. विहिरीपाशी जाऊन गाऱ्हाणं घातलं, बा म्हाराजा, या जाग्याचो तू राखणदार, ह्या लोकांका काय कळणा नाय, लेकराक सांभाळ. ‘होय म्हाराजा’ म्हणायला बरोबर कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. मग आवाज जरा घोगरा झाला.

वाडी ठेवून परत येताना दोन नियम. कोणाशी बोलायचं नाही. मागे बघायचं नाही. कितीही हाका आल्या तरी. आणि आल्या की! आधी बाप्याच्या आवाजात, कोण आहे तिकडे? मी चालत राहिले. जिन्याशी बाईच्या आवाजात, अगं बाई! चालत राहिले. मग वरून, बारीक आवाजात, आजी! आजी! आवाज इतका ओळखीचा की पाय अडखळला. पण कालच वाचलंय, ते ओळखीच्याच आवाजात हाक मारतात. ओ दिली नाही.

घरी आले तर क्षमा पांघरूण घेऊन कोपऱ्यात. थंडी वाजते म्हणाली. माझ्याकडे बघेना. गुण यायला एक दिवस लागतो.

३ डिसेंबर

काय सांगू! तळमजल्यावरची द्रौपदी सकाळीच धावत वर आली. म्हणाली, सुगंधाताई, काल तिन्हीसांजेला विहिरीवर बाई दिसली. केस मोकळे, पाणी टपटपतंय. बापईच्या आवाजात बोलत होती. नंदकुमारने हाक मारली तर बघितलं नाही. द्रौपदीच्या अंगावरून गेली, डोळे समोर ठेवून, आणि जिन्यात नाहीशी झाली.

मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, हडळच. सगळी लक्षणं बरोबर आहेत. आणि माझं नशीब बघा, नेमकी मी तेव्हा विहिरीवर! म्हणजे माझ्या पाठीमागूनच गेली असणार. बरं झालं मागे बघितलं नाही. अर्थात द्रौपदीला मी तिथे होते ते सांगितलं नाही, वाडी ठेवल्याचं बोलून दाखवायचं नसतं.

आनंदाने जेवण गेलं नाही. नुसतं वाचलेलं वेगळं आणि हे वेगळं.

४ डिसेंबर

आता पाय उलटे होते म्हणतात. पांढरं लुगडं. पानावर रक्त होतं. (माझ्या पानाशेजारी कुणाचं?) वॉचमन मागच्या बाजूला फिरायला तयार नाही. नंदकुमारने फळ्यावर लिहिलंय की आवारात करणीचे प्रकार करणाऱ्याचं नाव कमिटीसमोर घेतलं जाईल. बायका मलाच विचारायला येतात, काय करायचं. मी सांगते, चिंच कुठे आहे ती शोधा.

क्षमा आज खिडकीशी बसली नाही. मी जवळ गेले की खाली बघते. मला वाटलं काही सांडलंय. माझे पाय बघते.

५ डिसेंबर

नलिनीने ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, आई, मंगळवारी संध्याकाळी तुम्ही विहिरीवर गेला होतात का? सरळ डोळ्यात बघून.

दुपारभर मीही तोच विचार करत होते. केस मोकळे. माझेही होते. नंदकुमारने हाक मारली. मलाही मारली होती. जिन्यात गेली. मीही. योगायोग असतात, पण इतके? म्हणजे ती बाई मीच की काय!

फळा आठवला. पाळणाघर आठवलं. म्हटलं, मी कशाला जाते? घरातच होते, देवापाशी.

दाराआड क्षमा उभी होती. हे मला नंतर कळलं.

७ डिसेंबर, रविवार

क्षमा उंबरठ्यावर बसून जेवते. नलिनीने किती विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, मी गॅलरीतून आजीला हाक मारली होती. तिने बघितलं नाही. आजी तर घरात होती. मग ती कोण? आणि आता आलीय ती कोणती?

नलिनी माझ्याकडे बघत राहिली.

मग म्हटलं, पुरे. फळ्यावर नाव गेलं तर जाऊ दे. क्षमासमोर खाली बसले, पाय पुढे पसरले, बघ, सरळ आहेत. सगळं सांगितलं. अगं, विहिरीवर होते ती मीच. खोटं बोलले. वाडी ठेवायला गेले होते, तुझ्यासाठीच. तुझी हाक ऐकली, पण मागे बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही. नलिनी आणि विद्याधरच्या देखत सांगितलं. एवढं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही.

क्षमाने नीट ऐकून घेतलं. विचार केला. मग विद्याधरच्या मांडीआड सरकली आणि म्हणाली, ती आली असती तर तीही असंच म्हणाली असती.

मी कितीतरी पुस्तकं वाचलीत. एकातही असं पोर नाही.

८ डिसेंबर, सोमवार

क्षमा शाळेतून परस्पर पाळणाघरात. चार दिवसांचा प्रश्न आहे, नलिनी म्हणाली नाही, मीच म्हणते. उलट मला वाचायला निवांत वेळ. पुस्तक घेतलं. पहिल्याच ओळीत जोडाक्षर. शेजारच्या बाजूला वळून बोट ठेवलं, मग बोट काढलं. दुपारी घर फार मोठं वाटतं. मोरीचं दार आपोआप हललं. वारा असणार. मी द्रौपदीकडे जाऊन बसले, तिला एकटीला भीती वाटते म्हणून.

संध्याकाळी आणायला मीच गेले. हट्टाने. अनुपमाबाईंचा नियम आहे, अनोळखी माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही. त्यांनी क्षमाला दाराशी आणलं आणि विचारलं, काय गं, ही तुझीच आजी ना?

क्षमाने वर बघितलं. खाली बघितलं. पुन्हा वर. पोरं खेळायची थांबली होती.

म्हणाली, बहुतेक.

बहुतेक म्हणजे जवळजवळ हो. घरी येताना तिने माझा हात धरला नाही. पिशवीचा बंद धरला, तोही टोकाला.