उघाडी बंद

२ जुलै १९७६

लिहून ठेवतो की मी शिवराम गोटीराम भोईर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शेती, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार सानपाडा गाव. गावातील पंचनामे माझ्या अक्षरात होतात. सदर रोजनिशी इतर कोणी वाचण्यासाठी नाही.

महिनाअखेरीस मोजणीचे साहेब येणार. खाडीकाठच्या खाजणातील आमच्या शेवटच्या शेतात भात उभे दिसल्यास शेत आमच्याकडे राहील, न दिसल्यास पडीक धरून सरकार नव्या शहरासाठी घेईल, असे चावडीवर सांगतात. लावणी आज पूर्ण झाली. काळजीचे कारण नाही.

६ जुलै

शेती खात्याचा सुभाष बांधावर आला. बी.एस्सी. आहे. त्याचे म्हणणे, पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू संपला तरी रोप व शेवाळ लगेच मरत नाहीत. प्राणवायूऐवजी नत्राच्या क्षारावर काही काळ भागवतात. "काही काळ" हे शब्द त्याने दोनदा उच्चारले. सरकारी माणसे हातचे राखून बोलतात.

७ जुलै, सकाळी

निर्णय घेतला. नत्राचे खत भरपूर टाकले. ते ओहोटीबरोबर खाडीत जाऊ नये म्हणून बांधाची उघाडी, म्हणजे पाणी ये-जा करण्याचे दार, फळ्या लावून बंद केली. रोपांस आता हवेची गरज नाही.

११ जुलै

पाणी कमरेइतके. शेजारच्या दादूने आपली उघाडी खुली ठेवली आहे. त्याचे खत वाहून जाणार. समजावले. तो म्हणाला, "दादा, तुमी भात लावलाय का जिताडी सोरल्यात?" भातशेतास मासळीचे तळे समजणाऱ्या अशिक्षितास उत्तर देत नाही.

१४ जुलै

पाण्यावर हिरवा थर. शास्त्राप्रमाणे.

भागीरथी, माझी पत्नी, म्हणाली, "आवो, पानी सोरा. रोपांची डोकी पन दिसत नाय." डोकी दिसणे आवश्यक नाही असे सांगितले. ती भाकऱ्या थापत राहिली.

१८ जुलै

मुलगा रोहिदास कारखान्यातून आला. म्हणाला, "बा, साहेबांना काय होडीत बसवून भात दाखवशील?" जेवण न करता उठलो. नंतर जेवलो.

२० जुलै

सुभाष पुन्हा आला. वाकून पाण्यात हात घातला. मग म्हणाला, "आजोबा, काही काळ म्हणजे थोडे दिवस. आजच पाणी काढा." शिकलेला माणूस आपल्याच सिद्धांतावर ठाम राहत नाही, हे पाहून वाईट वाटले.

२३ जुलै

पाण्यास वास येतो. नत्राचा असावा.

२५ जुलै

भागीरथीने मला न विचारता उघाडीच्या फळ्या काढल्या. मी बांधावर बसून होतो. अडवले नाही. पाणी उतरले. रोप उपटून पाहिले, हातात नुसता लगदा आला. पुन्हा लावणीस गावात कोणाकडे आवणाची रोपे शिल्लक नाहीत. दादूचे शेत हिरवे आहे. तो हसला नाही. हसला असता तर बरे.

विशेष काही वाटले नाही. दुपारी झोप लागली.

३० जुलै, दुपारी

साहेब आले. बरोबरचा कारकून आजारी, म्हणून लिहिण्यास मलाच सांगितले. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. चतुःसीमा, बांध, उघाडी. अक्षराची त्यांनी तारीफ केली.

"पीक?" असे त्यांनी विचारले. मी "शेवाळ" म्हणालो. साहेब म्हणाले, "त्याला रकाना नाही हो आजोबा. पडीक लिहा." शेवाळास नत्र कसा मिळतो ते मी सांगू लागलो. त्यांना पुढे वाशीस जायचे होते.

पडीक लिहिले. दीर्घ वेलांटीचा फराटा ओला राहिला, तो टिपकागदाने टिपला. खाली सही केली.

समक्ष पंच: १) दादू, लगतचा शेतकरी. २) सुभाष, शेती खाते. भागीरथी शिवराम भोईर बांधावर हजर होती. तिला कोणी काही विचारले नाही.