समासातली पेन्सिल

सोमवार, ४ मार्च
तीन पुस्तकं शिलाईला आली. एकाच संचातली — घरातलं बरं-वाईट, मैदानावरचं बरं-वाईट, देवधर्मातलं बरं-वाईट. तिन्हींच्या पाठी उसवलेल्या. म्हणजे कुणीतरी खरंच वाचलीत! असली पुस्तकं लोक भेट देतात, वाचत नाहीत. समासात जिकडेतिकडे पेन्सिल. ग्रंथालयाचा नियम सरळ आहे: आधी खोडायचं, मग शिवायचं. वीस वर्षांत मी लोकांच्या किती शंका खोडल्या असतील, कोण जाणे.

आज एकही ओळ खोडली नाही. पहिल्या पुस्तकात लेखक म्हणतो, कुणाचं मन राखायला बोललेलं खोटं माफ असतं. शेजारी वाकडंतिकडं अक्षर: 'खोटं एकदाच बोलावं लागतं. पुढे नुसतं गप्प बसायचं.' कोण असेल हा? चेहरा बघायलाच हवा.

मंगळवार, ५ मार्च
काउंटरवरच्या मॅडमना विचारलं. ही पुस्तकं घरी देतच नाहीत म्हणे, तिथेच बसून वाचायची. म्हणजे रोज येणाऱ्यांपैकी कुणीतरी. निवृत्त मास्तर असणार, पैज लावते!

बाबाही रोज सकाळी तिथेच पेपर वाचत बसतात, म्हणून त्यांना विचारलं. तर म्हणाले, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये. झालं! हल्ली कशालाही नन्नाच. चाळीस वर्षं बॅडमिंटनचे पंच होते म्हणून रविवारी क्लब सत्कार करतोय, तर तोही नको म्हणून अडून बसलेत. भाषण मी करायचंय. तोच सगळ्यांचा लाडका किस्सा — अंतिम सामन्याला ठरलेले पंच आलेच नाहीत, बाबा खुर्चीवर बसले, खेळायला पोटची पोर, म्हणजे मी, तरी तसूभर पक्षपात नाही. कप अजून कपाटावर आहे.

बुधवार, ६ मार्च
नुसती खळ ढवळली. खोडरबर हातात घ्यावासा वाटेना.

गुरुवार, ७ मार्च
मैदानाचं पुस्तक. शेवटच्या पानावर: 'दहा–नऊ. आत होतं. बाहेर म्हणालो.' दहाभोवती गोल, गोलाला खाली शेपूट.

असा गोल एकच माणूस काढतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दवाखान्याच्या तारखांना. आणि दहा–नऊ म्हणजे त्या अंतिम सामन्यातला माझाच शेवटचा गुण; तेव्हा अकरावर गेम संपायचा! अक्षर ओळखू आलं नाही, कारण हात थरथरायला लागल्यापासून त्यांचे फॉर्मसुद्धा मीच भरते. म्हणजे बाबांना दिसलं होतं.

शुक्रवार, ८ मार्च
देवाच्या पुस्तकात एकच नोंद. 'त्याला सांगून झालं. तो काही बोलत नाही. तिला सांगायला हवं.' तिला म्हणजे कुणाला? त्या दिवशी हरलेल्या उंच मुलीला, की मला?

जेवताना त्यांनीच विचारलं, "खोडलंस?"

"नाही."

ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू हरलेली पाहवलं नसतं गं. खुर्चीवर बसलो पंच म्हणून, आणि झालो बाप."

रविवारी ते स्वतःच सगळ्यांसमोर सांगणार आहेत. त्यांचं नाव जाईल, माझा कप जाईल, म्हणून माझी माफी मागितली. माझी! मी ताटं उचलली. भांडी घासत बसले.

शनिवार, ९ मार्च
तिन्ही पुस्तकं शिवली. पेन्सिलीसकट.

रविवार, १० मार्च
बाबा उठायच्या आत मीच माईक घेतला. सांगितलं — शटल आत पडलं होतं, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला तेव्हाच स्वच्छ दिसलं होतं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षं मला वाटत होतं, त्यांना दिसलं नाही.