निळ्या साडीचा समुद्र

कर्जत, रविवार

प्रिय द्वारके,

नववीत, समुद्री चाच्यांच्या नाटकाआधी, शाळेच्या व्हरांड्यात आपण जळक्या बुचाने एकमेकींना मिशा काढत होतो, आठवतंय? तू हसलीस की माझी रेघ वाकडी व्हायची.

परवा माझी प्राची आणि तुझी अपेक्षा, दोघी नाती मला खोपोलीला सिनेमाला घेऊन गेल्या. तुझी भातझोडणी चालू, म्हणून तुझा हुकला. चाच्यांचं जहाज आणि कप्तान बाई! मला आवडला गं. तिचे तळहात दोरांनी सोललेले दिसतात. ती चुकते, आणि चुकल्यावर खलाशांसमोर कबूल करते. समुद्र मात्र टाकीतला वाटतो, आणि खलनायक मरण्याआधी इतका बोलतो की माझे पॉपकॉर्न संपले. पण खरी खोट वेगळीच. जहाजाच्या तळाशी एक म्हातारी शिडं शिवत बसलेली असते. वाऱ्याचं सगळं तिला कळतं, वादळातून वाट तीच सांगते. शेवटी वर जयजयकार चालतो आणि सिनेमा तिला विसरूनच जातो. अपेक्षा तुझीच नात, बाहेर पडता पडता म्हणाली, "आजी, जहाज हिनं वाचवलं, मंग हिला वर का नाय बोलावलं गं?"

आपल्या त्या इंग्रजी नाटकात कप्तान तू होणार होतीस. पोशीरच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर पोचणारा तुझा आवाज. मीच नाटक बसवणाऱ्या सिस्टरांकडे जाऊन म्हणाले होते, "द्वारकाचं इंग्रजी गावठी आहे, पाहुणे हसतील." हे तुला मी कधी सांगितलं नाही. कप्तानाची टोपी मला मिळाली आणि तुझ्या वाट्याला समुद्र आला. स्टेजच्या कडेला वाकून माझ्या आईची निळी साडी हलवत राहायचं. दुसऱ्या प्रवेशात मी वाक्य विसरले, तेव्हा साडीमागून ते तूच पुरवलंस. अख्खी भूमिका तुला पाठ होती. टाळ्या मी घेतल्या.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं आणि भाताची चौकशी करून ठेवून दिला. बुधवारी माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. आवाज राहीलच, अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. म्हणून लिहिलं. रागावलीस तर समोर येऊन रागाव. कान शाबूत आहेत.

आमचे हे उद्या नाटकाच्या सामानाची जुनी पेटी तुला आणून देतील. लाकडी तलवार तुझी. पोरी यंदा गॅदरिंगला तेच नाटक करणार आहेत, तेव्हा टोपी अपेक्षाला. निळी साडी मी प्राचीकडे दिली आहे. या खेपेला समुद्र आमच्या घरचा.

तुझीच,
निवेदिता